अण्णांचे बिनवायरचे हेडफोन

तपासणी हे माझं पोटापाण्याचं काम. देवासच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते आहे. पंपाचे सुटे भाग येतात, ते मोजायचे, घासून बघायचे, आपटून बघायचे, आणि पास की नापास ते लिहायचं. माझी सही झाल्याशिवाय खोका गेटाबाहेर जात नाही. पोरं पाठीमागे मला 'नापासवाली मॅडम' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरंच वाटतं. हे आधी सांगून टाकते, कारण एक वस्तू मी चहूबाजूंनी तपासून, हौसेने पास केली होती आणि तिनेच माझ्या वडिलांचा घात केला.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आई आणि ते धारला असतात. घराण्यात कुणी एके काळी संस्थानच्या दफ्तरात होतं, त्याचा अभिमान अजून शिल्लक आहे, बाकी काही नाही. अण्णा सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. पण कुणी विचारलं की ते 'मास्तर होतो' असं सांगत नाहीत. 'राममंदिरात पेटीची साथ करतो' असं सांगतात. धारच्या मराठी मंडळींच्या राममंदिरात पाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊ दिवस कीर्तन होतं. कीर्तनकार बुवा दरवर्षी वेगळे, कधी पुण्याचे, कधी इंदूरचे. पेटीवर मात्र छत्तीस वर्षं अण्णाच. बुवांच्या डाव्या हाताला, खांबाला लागून, त्यांची जागा. त्या नऊ दिवसांसाठी ते बाकीचं वर्ष काढतात असं आई म्हणायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्यांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय. इंदूरच्या इस्पितळात बारा दिवस काढले. वाचा शाबूत राहिली, पाय फरफटत का होईना चालू लागला, हाताची दोन बोटं मात्र हट्टाला पेटल्यासारखी वाकेनात.

आमच्या घरात 'लकवा' हा शब्द कुणी उच्चारला नाही. कधीच नाही. आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "त्यांच्यासमोर बोलायचं नाही. बीपी वाढलं होतं म्हणायचं." म्हणून आम्ही सगळे तेच म्हणालो. डॉक्टरांना बाहेर गाठून तेच म्हणायला लावलं. 'आता तर पुष्कळच फरक आहे', 'कालच्यापेक्षा आज छान', 'महिनाभरात पहिल्यासारखं', असं सगळं एका विशिष्ट गोड सुरात, मान किंचित वाकडी करून. अण्णा ऐकून घ्यायचे. गणिताचा मास्तर, त्याला काय स्वतःचा हात कळत नसेल? पण आजाऱ्याशी असंच बोलायचं असतं ही आमच्याकडची रीत, आणि मीही, जी कारखान्यात कुणाची भीड ठेवत नाही, ती मान वाकडी करून बोलत होते.

व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला होता. तो अण्णांनी कपाटामागे टाकला. मग त्याच म्हणाल्या, "अंकलजी, हारमोनियम बजाते थे ना? वही बजाइए." पण पेटी उघडायला अण्णा तयार होईनात. कारण मला आईने सांगितलं. आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत आहे. ज्या गल्लीने छत्तीस वर्षं त्यांची पेटी ऐकली, तिने आता ही चाचपडणारी बोटं ऐकावीत, हे त्यांना नको होतं. पेटीचा आवाज दाबता येत नाही.

तेव्हा मला माझ्या मुलीचा कीबोर्ड आठवला. दोन वर्षं क्लास करून तिने तो दिवाणाखाली सरकवला होता आणि आता ती हॉस्टेलवर होती. पट्ट्या हलक्या, भाता मारायची गरज नाही, आणि हेडफोन लावला की बाहेर चिटपाखरूसुद्धा ऐकणार नाही. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी त्याच संध्याकाळी हेडफोन बघायला निघाले.

आता हेडफोन निवडणं म्हणजे काय, तर मी त्याची यादीच केली. वजन कमी हवं, कारण अण्णांचा चष्मा जाड काड्यांचा आहे आणि वरून दाब आला की कानामागे दुखणार. गाद्या कापडी हव्यात, रेक्झिनच्या नकोत, फाल्गुन लागला की आमच्याकडे कान भाजून निघतात. दोन्ही कानांत आवाज सारखा हवा. आणि किंमत अशी हवी की मला ती त्यांना खरी सांगता येईल. महाग वस्तू आणली की अण्णा ती पुन्हा खोक्यात घालतात आणि "नातवंडांना होईल" म्हणून कपाटात ठेवतात. त्यांच्या कपाटात माझी तीन मनगटी घड्याळं अशी पडून आहेत.

देवासच्या बाजारातल्या दुकानदाराने आधी वायरचे दाखवले. साधे, हलके, स्वस्त. मी कीबोर्ड रिक्षात घालून बरोबर नेला होता, म्हणून लगेच कळलं की हेडफोनची पिन बारीक आहे आणि कीबोर्डचं भोक मोठं. दुकानदार म्हणाला त्याला जाड पिनेचा जोड मिळतो, मागवून देतो. मी हो म्हणणारच होते. पण तेवढ्यात मला अण्णांचा पाय आठवला. आठवड्यापूर्वीच मोबाइलच्या चार्जरच्या वायरीत तो अडकून ते पडता पडता वाचले होते. आईने ते सांगताना फोनवर रडून घेतलं होतं.

मी विचारलं, "बिना वायर का नहीं आता?"

दुकानदार खूश झाला. "दीदी, वही तो मैं बोल रिया था. वायर का जमाना गया. कीबोर्ड में ब्लूटूथ नी है तो क्या, ये डब्बी पीछे लगा दो, हो गया काम."

डब्बी म्हणजे काडेपेटीएवढी एक वस्तू. ती कीबोर्डच्या भोकात बसायची आणि तिथून आवाज हवेतून हेडफोनमध्ये जायचा. मी हेडफोन डोक्याला लावला, मोबाइलवर गाणं लावलं. डावा कान, उजवा कान, सारखं. दुकानाच्या दारापर्यंत चालून गेले, आवाज तुटला नाही. चष्मा घालून पाहिलं. अर्धा तास तसाच लावून बसले, तोवर दुकानदाराने दोन गिऱ्हाइकं उरकली. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनसुद्धा केलं. यादीतलं एकेक कलम पास होत गेलं आणि मी समाधानाने खोका बांधला. एक गोष्ट केली नाही. ती डब्बी लावून कीबोर्डची एक पट्टी दाबून पाहिली नाही. कीबोर्ड शेजारीच, रिक्षातून उतरवलेला, भिंतीला टेकून उभा होता.

संक्रांतीला मी सगळं घेऊन धारला गेले. अण्णांनी किंमत विचारली, मी खरी सांगितली, त्यांनी मान डोलावली. हेडफोन डोक्यावर चढवला तेव्हा ते विमान चालवायला निघाल्यासारखे दिसत होते आणि आई किती तरी दिवसांनी मोकळं हसली. मी त्याच दुपारच्या बसने परत फिरले, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे ऑडिट होतं.

नंतरच्या आठवड्यात फोनवर अण्णा म्हणाले, "अगं, बोट आधी जातं आणि सूर मागून येतो."

अगदी याच शब्दांत. त्यांनी दोष सांगितला होता, जसा एखादा चांगला कामगार सांगतो, नेमका, एका वाक्यात. कारखान्यात असं कुणी म्हटलं असतं तर मी हातातलं काम टाकून मशीनकडे धावले असते. पण बोलणारे अण्णा होते, आणि अण्णा आजारी होते, म्हणून माझी मान तिकडे देवासमध्ये बसल्या बसल्या वाकडी झाली. मी म्हणाले, "येईल हं अण्णा हळूहळू. घाई करायची नाही. डॉक्टर म्हणालेत ना, महिना-दोन महिने लागतात."

ते म्हणाले, "बरं."

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

आई मात्र रोज खबर द्यायची. रोज दुपारी चार वाजता बैठक. अण्णांकडे तबल्याचं एक यंत्र आहे, ते धुमाळीचा ठेका लावून टेबलावर ठेवायचं, हेडफोनची एक बाजू जराशी सरकवून तो ठेका ऐकायचा, आणि वाजवायचं. "घरात नुसता तबला ऐकू येतो गं," आई म्हणाली. "गाणं कुठे आहे ते त्यांनाच माहीत. पण बोटं चालतात. दोन्ही बोटं वाकायला लागली." मला आनंद झाला. माझ्या हेडफोनने वाकवली असं मी ऑफिसात चार जणांना सांगितलंसुद्धा.

प्रत्यक्षात काय घडत होतं ते मला फार उशिरा कळलं. सूर मागून येतो हे आपल्या हाताचं दुखणं आहे असं धरून चालल्यावर अण्णांनी त्यावर उपाय काढला होता. समेवर सूर यायला हवा, तर बोट समेच्या आधी टाकायचं. किती आधी, ते त्यांनी रोज दोन दोन तास बसून बोटांना शिकवलं. दोन महिने. गणिताच्या मास्तराने आपल्या मोडक्या हाताशी असा हिशेब जुळवून घेतला आणि कुणाला सांगितलं नाही.

पाडव्याच्या चार दिवस आधी मंदिरात तालमीला ते गेले. आईही बरोबर होती, तिने मला सांगितलेलं असं. खांबापाशी पेटी उघडली, तबलजींनी ठेका धरला, मंडळींपैकी एकाने अभंग सुरू केला. अण्णांचा सूर पुढे. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पुढे. अगदी थोडा, पण प्रत्येक वेळी. तबलजी त्यांच्याकडे बघायला लागले, मग मुद्दाम सम जोरात देऊ लागले. गाणारे थांबले. चूक कुणी दाखवली नाही, आमची माणसं फार सभ्य आहेत. एकजण म्हणाला, "अण्णा, बहोत अच्छा, अजून चार दिवस आहेत." त्याची मानही वाकडीच असणार.

अण्णांनी भाता बंद केला. हात टेकत उठले, रामरायापुढचा एक नारळ घेतला, स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, आणि मागे बसलेल्या वीज मंडळातल्या एका गृहस्थांच्या हातात दोन्ही ठेवलं. हे गृहस्थ पन्नाशीचे, बरी पेटी वाजवतात, कधी अण्णांना ताप असला तर एखादा दिवस बसायचे. अण्णा त्यांना म्हणाले, "पुढची सेवा आपण करावी." ते बिचारे "नहीं नहीं अण्णा, ये क्या कर रहे हो" म्हणत राहिले. पण आमच्याकडे देवासमोर श्रीफळ देऊन सोपवलेली सेवा परत घेत नाहीत. अण्णांना स्वतःला ती अशीच मिळाली होती.

पाडव्याला मी धारला पोचले ती साथ ऐकायच्या तयारीने, नवी साडी घेऊन. दारात गुढी होती आणि आत आईने हे सगळं सांगितलं. अण्णा आतून म्हणाले, "संध्याकाळी जाऊ आपण कीर्तनाला. मी पण ऐकणार आहे. इतकी वर्षं नीट ऐकायलाच मिळालं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी कीबोर्ड आवरून ठेवावा म्हणून मी त्यांच्या टेबलापाशी गेले. त्यांना तो डोळ्यांसमोर नको असेल असं मला वाटलं. ते ओटीवर बसले होते. उगाच मी हेडफोन चढवला आणि एक पट्टी दाबली. पट्टीचा 'टप' असा आवाज बोटाला कळला. मग काही नाही. मग सूर. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण मधे होता. मी पुन्हा दाबली. पुन्हा तसंच. मला सूर-ताल काही कळत नाही, पण दोन गोष्टींमधला फरक मला केसाएवढासुद्धा कळतो, पगार त्याचाच घेते. डब्बी काढली, कीबोर्ड नुसता वाजवला. बोट आणि सूर एकदम. डब्बी लावली. सूर मागून.

बोट आधी जातं आणि सूर मागून येतो. त्यांनी सांगितलं होतं मला.

मी तशीच ओटीवर गेले. मला रडू येत होतं आणि दुकानदाराला फाडून खावंसं वाटत होतं आणि त्याहून जास्त स्वतःला. मी सगळं भडाभडा सांगितलं. डब्बीमुळे उशीर होतो, गाणं ऐकताना कळत नाही, वाजवताना कळतं, हात तुमचा बरोबरच होता, चूक माझ्या हेडफोनची होती, माझी होती.

अण्णा उठून आत आले. खुर्चीत बसले. हेडफोन घातला, एक पट्टी दाबली. थांबले. पुन्हा दाबली. मग डब्बी काढून वाजवली, मग लावून वाजवली, जसं मी केलं होतं तसंच. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. या माणसाने आयुष्यभर गावातल्या पेट्यांचे बेसूर पडदे बंद दाराबाहेरून ओळखले आहेत.

त्यांनी हेडफोन काढला, त्याची नीट घडी केली आणि म्हणाले, "कुठे आहे उशीर? बरोबर तर वाजतंय."

"अण्णा!"

"तुला भास होतोय बाळ. प्रवासाने थकली आहेस. हेडफोन एकदम छान आहेत. माझ्या हातातच आता काही राहिलं नाही, वय झालं. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

त्यांची मान किंचित वाकडी झाली होती. आवाज गोड होता. तो सूर मी ओळखला, कारण चार महिने मीच त्यांच्याशी त्या सुरात बोलत आले होते. खोटं बोलताय असं वडिलांना म्हणायचं कसं, आणि तेही माझ्यासाठी बोलताहेत हे समोर दिसत असताना?

इंदूरहून मी दुसऱ्याच आठवड्यात वायरचे हेडफोन आणले. जाड पिनेचा जोड, लांब वायर, ती टेबलाच्या पायाला पट्टीने चिकटवून दिली म्हणजे पाय अडकणार नाही. इतकं सोपं होतं ते. अण्णांनी किंमत विचारली, मान डोलावली, "हेही असू देत," म्हणाले.

आईने मला मेमध्ये सांगितलं, अण्णा झोपलेले असताना, हळू आवाजात. वायरचे लावून ते रोज वाजवतात. महिन्याभरात हात ठेक्यावर आला. परवा तर चक्क पेटी काढून वाजवली, भिंतीपलीकडून शेजारीण धावत आली. वीज मंडळाचे गृहस्थही येऊन गेले. म्हणाले, "अण्णा, रामजी के सामने मैं ही आपको श्रीफळ देता हूँ, आप बैठो अपनी जगह." ज्याच्याकडे सेवा आहे त्यानेच आपणहून दिली तर चालतं, पुजाऱ्यांनीही हो म्हटलं होतं.

"मग?" मी म्हटलं.

"नाही म्हणाले."

"का?"

आई पदराशी चाळा करत राहिली. "परत बसायचं तर चार जण विचारणार ना, तेव्हा काय झालं होतं म्हणून. मग कारण सांगावं लागेल, म्हणतात. लेकीने आणलेल्या वस्तूचं नाव निघेल. इथले लोक तुला ठाऊकच आहेत, जन्मभर सांगत बसतील. ते म्हणाले, त्यापेक्षा माझा हात गेला हेच बरं."

मी त्यांच्याशी भांडायला उठले होते. आईने माझा हात धरला. म्हणाली, "मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना वाटतंय तुला पटलंय." मग मी खाली बसले. काय करणार होते? भांडले असते तर त्यांनी जे सांभाळून ठेवलं होतं तेही मोडलं असतं, आणि जागा काही मिळाली नसती. त्यांनी ऐकलं नसतं. मला हे सगळं तपासता येतं, दुरुस्त करता येत नाही.

चार वाजता अण्णा उठले. मी आलेली बघून त्यांनी वायरचे हेडफोन टेबलाच्या खणात सरकवले आणि बिनवायरचे काढले. डब्बी लावली. ते हे करत असताना मी बघत होते आणि त्यांना ते माहीत होतं.

"बस ना इथे," ते म्हणाले. "तुझे हेडफोन फारच उत्तम निघाले."

यंत्रावर धुमाळी सुरू झाली. त्यांनी एक कान मोकळा ठेवला आणि वाजवायला लागले. खोलीत नुसता तबला होता. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट प्रत्येक समेच्या जरा आधी खाली येत होतं, न चुकता, तेवढंच आधी. मला एक सूरही ऐकू आला नाही.

वाजवणं संपवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणाले, "छान झालं, अण्णा."